रचणे, चढवणे, भरणे : मॅगझिन-लोडरचा उपयोग आणि त्याची परिभाषा

१

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनी भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. नेमबाजीच्या सरावात पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये काडतुसे घालण्यासाठी जे एक लहानसे हातयंत्र वापरतात, त्याला 'मॅगझिन-लोडर' किंवा नुसते 'लोडर' म्हणतात. ते कसे चालते आणि कसे वापरावे हे सांगणे वस्तुतः नेमबाजीच्या शिक्षकाचे काम होय. परंतु हेच मराठीत सांगू लागले म्हणजे पहिल्याच वाक्यात 'भरणे' हे क्रियापद येते आणि तेथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. मॅगझिन भरतात, पिस्तूलही भरतात, आणि काडतूसही भरतात. या तीन क्रिया एकमेकींहून भिन्न आहेत. त्यांपैकी पहिली निर्धोक आहे आणि दुसरीपासून धोक्यास आरंभ होतो. लोडरचा संबंध फक्त पहिलीशी आहे. मराठी वाक्य मात्र तिन्हींना एकाच शब्दाने ओळखते.

नेमबाजीच्या मैदानावर सूचना थोडक्यात द्यायची असते आणि ती ऐकणाऱ्याच्या कानांवर आवाज अडवणारे आच्छादन असते. अशा ठिकाणी संदिग्ध शब्दाची किंमत परीक्षेतील गुणांनी मोजली जात नाही. म्हणून या यंत्राचे कार्य प्रथम समजून घ्यावे, आणि त्या कार्याच्या आधारे त्याची मराठी परिभाषा कशी असावी याचा विचार करावा, असा या लेखाचा दुहेरी हेतू आहे.

२

'भरणे' हा शब्द या क्षेत्रात कसा आला हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून प्रथम दारू ओतीत, मग गोळी सोडीत, आणि वर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा घालून हे सर्व गजाने ठासून बसवीत. या साऱ्या ऐवजाला मराठीत 'बार' हे नाव होते. 'बार भरणे' म्हणजेच बंदूक भरणे. भरण्याची जागा एक, वेळ एक आणि परिणामही एकच : नळीत बार गेला की बंदूक उडण्यास जवळजवळ सिद्ध झाली. त्यामुळे त्या काळच्या भाषेला एकाहून अधिक क्रियापदांची गरजच नव्हती. शस्त्र गेले तरी त्याचे शब्द मागे राहतात, याची साक्ष 'फुसका बार' आणि 'ठासून सांगणे' हे प्रयोग आजही देतात. ते वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ठासणीची बंदूक पाहिलेली असेल.

'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तूशु' या शब्दावरून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी इटालियन 'कार्तोच्यो', म्हणजे कागदाची सुरळी, हा अर्थ आहे. प्रारंभीचे काडतूस खरोखरच कागदी होते. १८५७ च्या उठावाच्या संदर्भात ज्या एन्फील्ड काडतुसांचा उल्लेख इतिहासात सतत येतो, त्यांचे टोक दातांनी तोडून आतील दारू नळीत ओतावी लागे आणि मग कागदासह गोळी गजाने खाली सारावी लागे. म्हणजे काडतूस आले तरी भरण्याची जागा नळीचे तोंड हीच राहिली, आणि 'भरणे' या शब्दाच्या अर्थातही फरक पडला नाही.

फरक पडला तो धातूच्या काडतुसामुळे. दारू, गोळी आणि ठिणगी देणारे स्फोटक द्रव्य ही तिन्ही एकाच पितळी आवरणात एकत्र आल्यावर काडतूस नळीच्या मागच्या बाजूने, बुडाशी असलेल्या घरात सरकवता येऊ लागले. त्यानंतरची पायरी म्हणजे अनेक काडतुसे एकावर एक साठवून ती आपोआप त्या घरासमोर आणून देणारी पेटी. अमेरिकेत १८७९ साली जेम्स पॅरिस ली याने रायफलीखाली बसणाऱ्या अशा पेटीचे पेटंट मिळवले. पुढे ब्रिटिश आणि हिंदी फौजांत व पोलीस दलांत दीर्घकाळ वापरात असलेल्या ली-एन्फील्ड रायफलीच्या नावातील 'ली' तो हाच. ही रायफल आपल्याकडे 'थ्री नॉट थ्री' या नावाने सर्वतोमुखी झाली.

या पेटीला इंग्रजीत 'मॅगझिन' म्हणतात. हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. अरबी 'मखझन', म्हणजे साठवणाची जागा, याचे अनेकवचन 'मखाझिन'. ते इटालियन आणि फ्रेंच या भाषांतून इंग्रजीत शिरले. दारूगोळ्याचे कोठार, नियतकालिक आणि बंदुकीची पेटी हे तिन्ही अर्थ 'साठा' या एका कल्पनेतून निघालेले आहेत. १७३१ साली लंडनमध्ये निघालेल्या 'जंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकाच्या नावातही मजकुराचे कोठार हीच कल्पना होती. ज्या अरबी धातूपासून 'मखझन' झाला त्याच धातूपासून झालेला एक शब्द मराठीत शतकानुशतके नांदतो आहे, तो म्हणजे 'खजिना'. मॅगझिन आणि खजिना ही अशी एकाच कुळातील भावंडे आहेत. त्यांतील एक फारसीच्या वाटेने आपल्या घरी आले, आणि दुसरे युरोपला वळसा घालून.

व्युत्पत्तीची ही चर्चा केवळ कौतुकासाठी केलेली नाही. तिच्यातून निघणारा मुद्दा असा की, मॅगझिन हे मूलतः कोठार आहे. कोठार भरणे आणि शस्त्र भरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ठासणीच्या बंदुकीला कोठार नव्हते, म्हणून तिच्या भाषेत हा भेद नव्हता. मॅगझिन आल्यावर क्रिया दुभंगली, परंतु क्रियापद दुभंगले नाही.

३

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. पिस्तुलाचे मॅगझिन म्हणजे वरून उघडी अशी धातूची किंवा प्लॅस्टिकची अरुंद पेटी होय. तिच्या तळाशी स्प्रिंग असते. स्प्रिंगच्या डोक्यावर एक पट्टी बसवलेली असते. ती काडतुसांना खालून वर रेटते, म्हणून तिला येथे 'उचलपट्टी' म्हणू. पेटीच्या तोंडाच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात. उचलपट्टीने वर रेटलेले सर्वांत वरचे काडतूस या कडांखाली अडून राहते. पिस्तुलाची स्लाइड मागे जाऊन पुढे येताना ते पुढे ढकलते, आणि ते कडांतून निसटून नळीच्या घरात शिरते. त्याची जागा खालचे काडतूस घेते. जे शेवटी ठेवले ते प्रथम बाहेर पडते. आपल्याकडील भाकरीची चवड नेमकी याच क्रमाने रचली जाते व याच क्रमाने संपते.

हाताने काडतूस घालताना अंगठ्याला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. आधीच्या काडतुसाला खाली दाबून जागा करावयाची आणि त्याच जागेत नवे काडतूस मागे सरकवावयाचे. स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा प्रतिकार त्याच प्रमाणात वाढतो. रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला हा नियम येथे अंगठ्याच्या टोकावर अनुभवास येतो. पहिले काडतूस सहज बसते, पुढची क्रमाने जड जातात, आणि शेवटची दोनतीन तर अंगठ्याचे मांस दाबून काढतात. कडांच्या धारेवर घासून नखाजवळची त्वचा सोलवटते ती निराळीच.

मॅगझिनच्या रचनेचाही येथे मोठा संबंध आहे. काही मॅगझिनांत काडतुसांची एकच रांग असते. काहींत दोन रांगा नागमोडी बसवलेल्या असतात. अशा दुहेरी रांगा तोंडापर्यंत दुहेरीच राहिल्या तर भरणे तुलनेने सुलभ जाते. परंतु पुष्कळ पिस्तुलांत त्या तोंडाशी निमुळत्या होऊन एकेरी होतात, आणि तेथे काडतुसांचे परस्परांशी व भिंतीशी होणारे घर्षण वाढते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्टेन गन हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९४१ साली आलेल्या या शस्त्राचे बत्तीस काडतुसांचे मॅगझिन दुहेरी रांगेचे पण एकेरी तोंडाचे होते. ते नुसत्या बोटांनी पूर्ण करणे इतके कष्टाचे होते की, त्यासोबत भरण्याचे स्वतंत्र साधन द्यावे लागले. त्यानंतर आलेल्या स्टर्लिंग कार्बाइनच्या चौतीस काडतुसांच्या मॅगझिनमध्ये तोंडही दुहेरी ठेवले आणि उचलपट्टीच्या जागी रूळ बसवले. ते हाताने सहज भरता येई. हीच कार्बाइन पुढे भारतातही, कानपूर येथे तयार होऊ लागली. एकाच उपयोगाच्या या दोन शस्त्रांपैकी एकास लोडर अपरिहार्य ठरला आणि दुसऱ्यास तो लागला नाही. यावरून लोडरची गरज मुख्यतः पेटीच्या तोंडाच्या घडणीवर अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

लोडरची कल्पना स्टेनपेक्षाही जुनी आहे. १८८९ च्या बेल्जियन माउझर रायफलीत पाच काडतुसे एका पत्र्याच्या पट्टीत ओवलेली असत. ती पट्टी खाचेत उभी धरून अंगठ्याने एकदा दाबले की पाचही काडतुसे मॅगझिनमध्ये उतरत आणि रिकामी पट्टी बाजूला पडे. ली-एन्फील्डच्या दहा काडतुसांच्या मॅगझिनसाठी अशाच दोन पट्ट्या लागत. जर्मन ल्यूगर पिस्तुलाच्या मॅगझिनला बाजूस एक बोंड असे. पिस्तुलाच्या म्यानात ठेवलेले एक छोटे अवजार त्या बोंडावर अडकवून उचलपट्टी खाली ओढता येई. आजच्या लोडरचे सर्व प्रकार मुळात या दोन कल्पनांतून निघालेले आहेत : काडतूस वरून दाबणे, किंवा उचलपट्टी खाली ओढणे.

४

वरून दाबणारा लोडर मॅगझिनच्या तोंडावर टोपीसारखा बसतो. त्याला तरफेला जोडलेली एक चोच असते. इस्रायलमधील मॅगलूला या कंपनीचा 'अपलूला' हा या प्रकारातील सर्वज्ञात लोडर होय. त्याच्या नावातील 'अप' ही 'युनिव्हर्सल पिस्टल' या शब्दांची आद्याक्षरे आहेत, आणि 'लूला' हे लोडर व अनलोडर या दोन शब्दांपासून बनवले आहे. मराठी कानाला त्यात 'लुळा' हा शब्द ऐकू येतो. सराव संपेपर्यंत अंगठा लुळा पडू न देणे हेच या साधनाचे काम असल्यामुळे हा योगायोग विसंगत म्हणता येणार नाही.

त्याच्या वापराचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. मॅगझिन पिस्तुलातून काढलेले असावे. पिस्तूल स्लाइड मागे अडकवून, घर रिकामे असल्याची खात्री करून, नळी लक्ष्याच्या दिशेस ठेवून बाजूला असावे. मॅगझिनचे बूड टेबलावर उभे टेकवावे. लोडर त्याच्या तोंडावर बसवून मुठीत दाबला म्हणजे चोच पुढे येते. मग लोडर खाली रेटला म्हणजे चोच उचलपट्टीला, किंवा आधी घातलेल्या काडतुसाला, खाली दाबते. कडांखाली जागा मोकळी होते. दुसऱ्या हाताने नवे काडतूस त्या जागेत सोडावे. गोळीचे टोक मॅगझिनच्या पुढच्या बाजूस आणि काडतुसाचे बूड मागच्या बाजूस आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे. मग मूठ सैल करीत लोडर वर उचलावा. चोच मागे सरते, आणि नवे काडतूस वर येऊन कडांखाली अडते. दाबणे, सोडणे, उचलणे हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावयाची. अंगठ्याच्या टोकावर येणारा जोर येथे संपूर्ण तळहातावर आणि दंडाच्या रेट्यावर वाटला जातो. स्प्रिंगला लागणारे बल लोडरने कमी होत नाही. ते कोणत्या स्नायूंनी द्यावयाचे एवढेच लोडर ठरवतो.

दुसरा प्रकार ०.२२ इंची काडतुसांच्या मॅगझिनांसाठी वापरतात. भारतातील क्रीडा-नेमबाजीत पिस्तुलासाठी हेच काडतूस सर्वाधिक परिचयाचे आहे. त्याच्या मॅगझिनला बहुधा बाजूस बोंड असते, आणि लोडर ते बोंड खाली ओढून धरतो. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. धडाचा व्यास सुमारे ५.७ मिलिमीटर, तर कडेचा सुमारे ७ मिलिमीटर. काडतुसे एकावर एक ठेवताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे राहिली तर स्लाइड वरचे काडतूस पुढे ढकलू लागताच त्याची कड खालच्या कडेला अडते आणि पिस्तूल अडून बसते. लोडरने बोंड एकदम तळापर्यंत ओढून मूठभर काडतुसे आत सोडली, तर ती तिरपी पडतात आणि नेमका हाच दोष उत्पन्न होतो. म्हणून बोंड एका काडतुसापुरतेच खाली ओढावे, काडतूस ठेवावे, मग पुढच्यासाठी पुन्हा तितकेच ओढावे. ठिणगी देणारे स्फोटक द्रव्य या काडतुसाच्या कडेतच असते. तेव्हा अडलेले काडतूस एखाद्या वस्तूने ठोकून बसवण्याचा मोह कधीही धरू नये.

सरावात लोडरचा उपयोग किती, हे मॅगझिनवर ठरते. पंचवीस मीटर पिस्तूल स्पर्धेत पाच पाच गोळ्यांच्या मालिका असतात. त्यामुळे तेथील मॅगझिन पाचच काडतुसांचे भरतात. पाच काडतुसांसाठी स्प्रिंग फारशी दाबावी लागत नाही. परंतु साठ गोळ्यांच्या एका संपूर्ण सामन्याचा सराव म्हणजे बारा वेळा मॅगझिन भरणे. दिवसभरात असे दोनतीन सराव झाले म्हणजे बोंड ओढणारे बोट दुखू लागते. ज्या हातांनी पुढच्या क्षणी सूक्ष्म काम करावयाचे आहे त्यांना थकवा येऊ न देणे, हा लोडरचा खरा लाभ होय. पंधरासतरा काडतुसांच्या मॅगझिनच्या बाबतीत हा लाभ कितीतरी पटींनी वाढतो.

लोडर श्रम वाचवतो, लक्ष वाचवत नाही. काडतूस उलटे नाही ना, कड योग्य जागी आहे ना, संख्या बरोबर आहे ना, हे पाहणे भरणाऱ्याकडेच राहते. जलदगती पिस्तूल स्पर्धेत पुरुष नेमबाजाला पाच गोळ्या पाच लक्ष्यांवर आठ, सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत झाडावयाच्या असतात. चार सेकंदांत चुकीच्या भरणीची दुरुस्ती करण्यास अवकाश नसतो. पिस्तूल भरलेलेच नव्हते, ही सबब तर नियमांप्रमाणे ग्राह्य बिघाडात मोडत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी या प्रकारात रौप्यपदक मिळवले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या यशांच्या मागे पाच पाच काडतुसे निर्दोष भरण्याची, प्रेक्षकांच्या कधीही लक्षात न येणारी, अगणित आवर्तने असतात.

५

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत 'भरलेले शस्त्र' याची व्याख्या आहे. काडतूस, किंवा काडतुसे असलेले मॅगझिन, शस्त्राला स्पर्श करताच ते शस्त्र भरलेले समजले जाते. मग घरात काडतूस गेलेले असो वा नसो. 'लोड' ही आज्ञा होण्यापूर्वी असा स्पर्श घडू देण्यास मनाई आहे. ही व्याख्या भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. तिने क्रियापदाच्या अस्पष्ट अर्थाभोवती स्पर्शाची एक रेषा आखली. रेषेच्या अलीकडे मॅगझिन काडतुसांनी पूर्ण असले तरी शस्त्र रिकामे. रेषेच्या पलीकडे ते भरलेले. लोडरचे सर्व कार्य या रेषेच्या अलीकडे चालते.

मराठीत ही रेषा कशी पुसली जाते ते पाहा. मराठीत संदर्भाने कळणारे कर्म गाळण्याची मुभा आहे. 'भरले का?' एवढे वाक्य पुरेसे होते. गाळलेले कर्म कोणते हे पुष्कळदा क्रियापदाच्या लिंगावरून कळते. 'भरली का?' म्हटले की घागर समजावी, 'भरला का?' म्हटले की माठ. लिंगव्यवस्था ही मराठीत नुसती अलंकारिक नाही. गाळलेल्या शब्दाचा माग काढण्याचे ते एक साधन आहे. परंतु येथे हे साधन नेमके निकामी ठरते. 'पिस्तूल' नपुंसकलिंगी, 'मॅगझिन' नपुंसकलिंगी, 'काडतूस'ही नपुंसकलिंगीच. 'भरले आहे' या वाक्यातून तिघांपैकी काय भरले आहे, हे व्याकरण सांगू शकत नाही. भर म्हणून, कर्म 'ला' प्रत्यय घेऊन आले किंवा मुळीच नसले, तरीही भूतकाळी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनीच राहते. म्हणजे 'मी भरले' या वाक्याचे चार अर्थ संभवतात आणि चारही व्याकरणशुद्ध आहेत.

'मॅगझिन'ऐवजी 'पेटी' हा स्त्रीलिंगी शब्द योजावा, म्हणजे 'भरली' आणि 'भरले' असा भेद होईल, असा एक उपाय सुचण्यासारखा आहे. पिस्तुलाच्या बाबतीत तो चालेल. परंतु 'बंदूक' आणि 'रायफल' हे शब्द स्त्रीलिंगी आहेत. तेथे 'पेटी भरली' आणि 'रायफल भरली' यांतील संदिग्धता जशीच्या तशी परत येईल. नामाचे लिंग बदलून हा प्रश्न सुटत नाही. 'लोड करणे' हा संकरित प्रयोगही उपयोगी नाही, कारण त्यात इंग्रजी शब्दाची संदिग्धता तेवढी उसनी येते आणि मराठीची होती ती राहते. शिवाय नुसता 'लोडर' हा शब्द मराठी शहरांत मालाची चढउतार करणारी व्यक्ती किंवा वाहन यांच्यासाठी आधीच रूढ आहे. म्हणून यंत्राचे नाव 'मॅगझिन-लोडर' असे पूर्ण घेणेच बरे.

६

तेव्हा भेद क्रियापदांतच केला पाहिजे, आणि त्यासाठी नवे शब्द घडवण्याची आवश्यकता नाही. मराठीत ते आहेत.

मॅगझिनमध्ये काडतुसे घालण्याच्या क्रियेला 'रचणे' म्हणावे. जेथे वस्तू एकीवर एक, ठरावीक क्रमाने आणि ठरावीक दिशेने ठेवाव्या लागतात तेथे मराठी माणूस हाच शब्द वापरतो. चवड रचतात, गंजी रचतात, उतरंड रचतात. यात क्रमाला महत्त्व आहे हे शब्दच सांगतो. ०.२२ काडतुसांच्या कडा एकीपुढे एक ठेवण्याची वर सांगितलेली खबरदारी 'भरणे' या शब्दात नाही, 'रचणे' या शब्दात आहे. पोते कसेही भरता येते. उतरंड कशीही रचता येत नाही.

रचलेले मॅगझिन शस्त्रात बसवण्याच्या क्रियेला 'चढवणे' म्हणावे. मॅगझिन शस्त्राला चढते आणि त्यावरून उतरते. ही जोडी आपल्याला जिन आणि पाखर यांमुळे परिचित आहे. विरुद्धार्थी शब्द सहज मिळणे हे परिभाषेच्या दृष्टीने मोठे सोयीचे असते, कारण सुरक्षिततेच्या सूचनांत उलटी क्रियाही तितकीच महत्त्वाची असते. स्लाइड सोडून पहिले काडतूस घरात नेण्याच्या क्रियेला 'घरात घेणे' एवढे सरळ शब्द पुरेत.

आणि 'भरलेले' हा शब्द फक्त शस्त्राच्या अवस्थेसाठी राखून ठेवावा. मॅगझिन चढवले की शस्त्र भरलेले. आंतरराष्ट्रीय व्याख्येशी हा अर्थ तंतोतंत जुळतो. शिवाय ज्या शब्दाचा मराठीत बंदुकीशी सर्वांत जुना संबंध आहे, तो शब्द सर्वांत गंभीर अर्थासाठी राखला जातो. मग शिक्षकाने 'रचले का?' असे विचारले तर कोणीही शस्त्राकडे हात नेणार नाही, आणि 'भरलेले आहे' असे कोणी म्हटले तर जवळचा प्रत्येकजण सावध होईल. मॅगझिन-लोडरचे वर्णनही एका वाक्यात करता येईल : हे यंत्र काडतुसे रचते, शस्त्र भरत नाही.

या सूचनेवर एक आक्षेप असा येऊ शकेल की, मैदानावरील माणसे आपल्या सवयीनेच बोलणार, कोशाप्रमाणे नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, आणि आपल्या भाषेचा इतिहासही त्याच्या बाजूने बोलतो. शिवकाली सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग आहे. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो मोठा उद्योग होता. त्यातील काही शब्द व्यवहारात स्थिरावले, तरी 'तोफ' आणि 'बंदूक' हे शब्द जागचे हलले नाहीत. बोलणाऱ्याच्या ओठी वस्तूबरोबर आलेले नाव बसले की ते काढणे कठीण जाते. म्हणूनच प्रस्तुत सूचनेत एकाही नामाला हात लावलेला नाही. मॅगझिन, पिस्तूल, काडतूस आणि लोडर हे शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत. बदल सुचवला आहे तो क्रियापदांत, आणि ती सर्व घरगुती आहेत. ती शिकावी लागत नाहीत, योग्य जागी आठवावी लागतात. नवख्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी लोडर हाती देताना शिक्षकाने ती तीन क्रियापदे त्या क्रियांसह उच्चारली, तर सवय लागण्यास फारसा काळ लागू नये.

परिभाषानिर्मितीची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांभोवती फिरते. यंत्र आले की त्याला मराठी नाव काय द्यावे, याचाच विचार प्रथम होतो आणि त्यावरच वाद होतात. यंत्राबरोबर क्रियांची विभागणीही बदलते, जुन्या एका क्रियेच्या दोन-तीन क्रिया होतात, आणि त्या वेगळ्या ओळखण्याची सोय भाषेत आहे की नाही, हे पाहण्याचे राहून जाते. दवाखाना, प्रयोगशाळा, विजेचे काम, गिरणी, जेथे जेथे एक क्रिया निर्धोक आणि तिच्या लगतची क्रिया घातक असते, तेथे तेथे हा प्रश्न उपस्थित होतो. या विभागातील विद्यार्थ्यांनी एखाद्या व्यवसायाची शब्दसूची तयार करताना नामांच्या रकान्याशेजारी क्रियापदांचाही एक रकाना आखावा, आणि एकाच क्रियापदाखाली किती वेगवेगळ्या क्रिया येतात हे प्रत्यक्ष काम पाहून नोंदवावे. कोठे भेद हवा आहे ते त्या रकान्यातून दिसेल. तो भेद दाखवणारा शब्द पुष्कळदा त्याच कामकऱ्याच्या स्वयंपाकघरात किंवा शेतात आधीपासून वापरात असल्याचे आढळेल.